पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी : अंथरुणापासून जिन्यापर्यंत

पक्षाघाताच्या झटक्याने हात लुळा पडतो, तेव्हा त्या हाताला मुळात काहीच झालेले नसते. स्नायू शाबूत असतात, हाडे आणि सांधे शाबूत असतात, मणक्यापासून बोटांपर्यंत जाणाऱ्या नसाही शाबूत असतात. बिघाड झालेला असतो तो हुकूम सोडणाऱ्या मेंदूत. ही एक गोष्ट घरच्या मंडळींना पहिल्याच दिवशी नीट समजली, तर पुढच्या कित्येक महिन्यांची धडपड योग्य दिशेने होते. ती समजली नाही, तर तासन्‌तास हात चोळून देण्यात आणि तेल लावून मालिश करण्यातच वेळ आणि उमेद खर्ची पडते आणि रुग्ण मात्र छताकडे पाहत निमूट पडून राहतो. मालिशने बरे वाटत असेल तर ती जरूर करावी; माझी हरकत तिला उपचार समजण्याला आहे. ज्या हालचालीत रुग्णाचे स्वतःचे लक्ष नाही आणि प्रयत्न नाही, त्या हालचालीतून मेंदू फारसे काही शिकत नाही, आणि पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी म्हणजे मुख्यतः मेंदूचे पुन्हा शिकणेच असते.

या लेखात रुग्णालयातील पहिल्या दिवसांपासून घरच्या सरावापर्यंतचा क्रम दिला आहे. कोणत्या रुग्णाने कोणता व्यायाम किती करायचा हे तपासणी करणारा फिजिओथेरपिस्टच ठरवील. परंतु तो दिवसातला एखादा तास रुग्णासोबत असतो, आणि उरलेल्या तेवीस तासांत काय होते यावर बरेच काही अवलंबून असते. हा लेख प्रामुख्याने त्या तेवीस तासांविषयी आहे.

मेंदू पुन्हा शिकतो म्हणजे काय

पक्षाघाताच्या सुमारे ८५ टक्के घटनांमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो, तर उरलेल्या घटनांमध्ये रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू, म्हणून मेंदूच्या एका बाजूचा घाव शरीराच्या विरुद्ध बाजूला दिसतो. डाव्या मेंदूच्या घावात अनेकांची भाषाही बाधित होते. उजव्या मेंदूच्या घावात पुष्कळदा डाव्या बाजूचे भानच हरपते, आणि माणूस ताटाची उजवी अर्धी बाजू संपवून हात धुवायला उठतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र घावाच्या आसपास सुजेमुळे किंवा अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे गप्प झालेल्या, परंतु जिवंत असलेल्या पेशी असतात; त्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यातील बरीचशी सुधारणा अशी आपोआप झालेली असते. त्यानंतरची सुधारणा कमवावी लागते. मेंदूतील शाबूत भाग नवीन जोडण्या तयार करून गेलेले काम अंगावर घेतात, आणि कोणती जोडणी पक्की करायची हे ते वापरावरून ठरवतात. हातापायांच्या ताकदीतील सर्वांत वेगवान सुधारणा साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांनंतर तिचा वेग मंदावतो, पण ती थांबते असे नाही.

येथे संख्येला महत्त्व आहे. उत्तर अमेरिकेतील काही उपचार केंद्रांमध्ये प्रत्यक्ष सत्रे पाहून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की हाताच्या कामाचा सराव करून घेणाऱ्या सत्रात अशा हालचालींची सरासरी सुमारे ३२ आवर्तनेच होत होती. प्राण्यांवरील ज्या प्रयोगांत मेंदूच्या जोडण्या बदललेल्या दिसल्या, त्यांत मात्र ती रोज काही शेकड्यांनी होती. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सर्व प्रकारची थेरपी मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून पाच दिवस, असे माप सुचवले आहे. एवढा वेळ एकटा फिजिओथेरपिस्ट देऊ शकत नाही, म्हणून घर हेच सरावाचे ठिकाण करावे लागते.

पहिले काही दिवस

अंथरुणातून लवकर उठवणे चांगले, पण किती लवकर, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत झटक्यानंतर २४ तासांच्या आतच रुग्णांना वारंवार आणि दीर्घकाळ उठवून पाहिले गेले, आणि तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा त्यांची स्थिती किंचित वाईट आढळली. म्हणून पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात रुग्णाला ओढून उभे करू नये. डॉक्टरांनी रक्तदाब आणि इतर बाबी पाहून परवानगी दिल्यावर थोडा थोडा वेळ, परंतु दिवसातून अनेकदा, बसवणे आणि उभे करणे हा आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेला मार्ग आहे.

तोपर्यंत रुग्णाला झोपवायचे कसे, हा खरा पहिला व्यायाम असतो. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. बाधित बाजूवर झोपवता येते, किंबहुना झोपवावे, कारण त्या बाजूला दाबाची जाणीव मिळते. मात्र त्या वेळी खांदा अलगद पुढे घेतलेला असावा, म्हणजे भार खांद्याच्या टोकावर न येता पाठीकडील पसरट पात्यावर येतो. चांगल्या बाजूवर झोपवताना बाधित हात छातीसमोर उशीवर संपूर्ण टेकलेला असावा आणि मनगट उशीच्या कडेवरून खाली लोंबू नये. उताणे झोपवताना बाधित खांद्याच्या पात्याखाली आणि हाताखाली उशी द्यावी. गुडघ्याखाली दिवसभर उशी ठेवण्याची सवय लावू नये, कारण गुडघा आणि खुबा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातात. सर्वांत वाईट स्थिती म्हणजे पलंगाचे डोके अर्धवट वर करून रुग्णाला त्यावर घसरू देणे. त्यापेक्षा खुर्चीत नीट बसलेला अर्धा तास कितीतरी बरा.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा घोटही देऊ नये. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो, आणि मग सगळाच सराव मागे पडतो. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही याच काळात असतो. एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली, तर तो पाय चोळू नये आणि डॉक्टरांना लगेच दाखवावे.

खांदा सांभाळणे

खांद्यासाठी वेगळा भाग लिहिण्याचे कारण असे, की पक्षाघातानंतरच्या टाळता येण्याजोग्या त्रासांत खांदेदुखीचा क्रमांक फार वरचा आहे, आणि ती बहुधा माया करणाऱ्या हातांकडूनच होते. दंडाच्या हाडाचे डोके खांद्याच्या उथळ उखळीत मुख्यतः स्नायूंनी धरून ठेवलेले असते. स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनानेच ते खाली सरकू लागते. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवून पाहिल्यास तेथे लहानशी खाच लागते. अशा वेळी रुग्णाला उठवताना कोणी त्याच हाताला धरून ओढले, किंवा काखेत हात घालून वर उचलले, तर आतील ऊतींना इजा होते आणि पुढे कित्येक आठवडे रुग्ण हाताला कोणाला स्पर्शही करू देत नाही.

नियम साधे आहेत. बाधित हाताला धरून कधीही ओढू नये. उठवताना आधार कंबरेला किंवा कंबरेच्या पट्ट्याला द्यावा. बसलेला असताना हात मांडीवरून खाली लोंबत न ठेवता टेबलावर, उशीवर किंवा खुर्चीच्या रुंद हातावर ठेवावा. दुसऱ्याने हात हलवून देताना तो खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नये; वर न्यायचाच असेल तर पाते सोबत फिरते आहे ना हे पाहून आणि तळहात वरच्या दिशेने वळवून, फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणेच न्यावा. छतावरून कप्पीतून दोरी सोडून चांगल्या हाताने बाधित हात वर खेचण्याचा जुना व्यायाम अजूनही काही ठिकाणी सांगितला जातो. तो करू नये. कपडे घालताना बाधित हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा, एवढी एक सवय खांद्याचे दिवसातले अनेक हिसके वाचवते.

हात सुजू लागला, त्वचा तांबूस किंवा चकचकीत दिसू लागली आणि बोटे वाकवताना वेदना होऊ लागल्या, तर वाट न पाहता दाखवावे.

बसणे आणि बसल्यावरून उठणे

बसण्याचा तोल हा पुढच्या सगळ्याचा पाया आहे. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशा उंचीवर रुग्णाला बसवावे, आणि सुरुवातीला चांगल्या हाताने धरू द्यावे, मग तो हात मांडीवर घ्यायला सांगावा. स्थिर बसता येऊ लागले की चांगल्या हाताने समोरची, बाजूची आणि पायाजवळची वस्तू घ्यायला लावावी. धडाला आपली जागा परत शोधायला लावणारा याहून चांगला व्यायाम क्वचितच सापडेल. काही रुग्ण मात्र चांगल्या हातापायाने स्वतःलाच बाधित बाजूकडे ढकलत राहतात आणि सरळ करू गेल्यास विरोध करतात. तो हट्ट नसतो. त्यांच्या मेंदूला तिरकेपणाच सरळ वाटत असतो. अशा रुग्णाला जबरदस्तीने ढकलून सरळ करण्याऐवजी दाराची उभी चौकट किंवा भिंतीची कड दाखवून स्वतःला तिच्याशी जुळवायला लावावे.

बसल्यावरून उठण्याला मी घरच्या सरावात पहिले स्थान देईन. त्यात पायांची ताकद, तोल आणि बाधित पायावर भार टाकण्याचे धाडस हे तिन्ही एकाच वेळी शिकता येते, आणि त्यासाठी एक भक्कम खुर्ची पुरते. ते असे शिकवावे.

१. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिची उंची सुरुवातीला थोडी जास्त असावी. जितकी उंच बैठक, तितके उठणे सोपे.

२. रुग्णाने पुढे सरकून खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसावे.

३. दोन्ही पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. बाधित पाऊल चांगल्या पावलाच्या पुढे राहू देऊ नये; उलट ते बोटभर मागे असल्यास उत्तम, कारण मागच्या पायावर जास्त भार येतो.

४. दोन्ही हात समोर टेबलाच्या दिशेने न्यावेत. एका हाताने खुर्ची ढकलून उठण्याची सवय लागली की बाधित पाय कायमचा सुट्टीवर जातो.

५. पाठ सरळ ठेवून कंबरेतून पुढे वाकावे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत. बहुतेकांचे उठणे येथेच फसते. मागे पडलेले वजन ते वर उचलू पाहतात.

६. आता टाचांवर भार देत उठावे आणि उभे राहिल्यावर दोन्ही पायांवर सारखा भार आहे का ते पाहावे.

७. खाली बसताना धपकन बसू नये. चार मोजत बसावे. हे उतरणे म्हणजे निम्मा व्यायाम आहे.

मदतनीसाने बाधित बाजूला बसून एक हात त्या गुडघ्यावर ठेवावा, म्हणजे गुडघा पुढे कोसळणार नाही आणि रुग्णाला कोणत्या पायावर भार द्यायचा आहे हे स्पर्शातून कळेल. पाच वेळा नीट जमले की दहा, मग दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा, आणि त्यानंतर बैठक हळूहळू कमी उंचीची, अशी चढण ठेवावी.

चालणे

चालण्याची घाई सर्वांनाच असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण बाधित पायावर काही क्षणही भार पेलत नसेल, तर दोघांनी दोन्हीकडून धरून केलेले चालणे म्हणजे रुग्णाला उचलून नेणे होय. आधी ओट्याला किंवा भक्कम टेबलाला धरून उभे राहणे, मग एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणे, मग चांगले पाऊल पुढे-मागे टाकणे, असा क्रम ठेवावा. चांगले पाऊल उचलले जाते तेव्हा सगळा भार बाधित पायावर येतो, म्हणून येथे हलणारा पाय एक आणि शिकणारा पाय दुसरा, असे घडते.

काठी चांगल्या हातात धरावी. तिची उंची हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत असावी, म्हणजे काठी टेकताना कोपर किंचित वाकलेले राहते. काठी, मग बाधित पाय, मग चांगला पाय, हा क्रम सुरुवातीला तोंडाने म्हणत चालले तरी चालेल. मदतनीसाने बाधित बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. जिना चढताना चांगला पाय आधी वर आणि उतरताना बाधित पाय आधी खाली. चढण्या-उतरण्याचे कष्टाचे काम दोन्ही वेळा चांगल्या पायाकडे जाते, एवढे लक्षात ठेवले तर क्रम विसरत नाही.

पाऊल वर उचलले न जाता बोटे जमिनीला घासत असतील, तर घोट्याला धरून ठेवणारा स्प्लिंट मिळतो. तो लावणे म्हणजे हार मानणे, असे पुष्कळांना वाटते आणि तो कपाटात पडून राहतो. वास्तविक त्यामुळे न अडखळता जास्त पावले टाकता येतात, आणि जास्त पावले म्हणजेच जास्त सराव. पाऊल उचलण्याच्या क्षणी नसेला सौम्य विद्युत उत्तेजन देणारी साधनेही काहींना उपयोगी पडतात.

शरीराचा भार पट्ट्यांनी वरून पेलून ट्रेडमिलवर चालवणाऱ्या यंत्रांविषयी मोठी अपेक्षा होती. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ते प्रशिक्षण आणि दुसऱ्या गटाला घरी येऊन फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम देण्यात आले. वर्षअखेरीस चालण्यातील सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती. ज्यांच्या आवाक्यात असे यंत्र नाही, त्यांनी आपण काही मोठे गमावतो आहोत असे समजण्याचे कारण नाही.

प्रगती डोळ्यांनी जोखण्यापेक्षा मोजावी. सपाट जागी १० मीटर अंतर आखावे, त्याच्या आधी आणि नंतर थोडी मोकळी जागा सोडावी, आणि नेहमीच्या गतीने ते पार करायला किती सेकंद लागतात ते महिन्यातून दोनदा वहीत लिहावे. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर चालणे सहसा घरापुरते राहते. १२ ते १३ सेकंदांच्या आत आल्यास बाहेर मोकळेपणाने वावरण्याइतकी गती आली असे सामान्यतः मानले जाते.

हात आणि बोटे

हात पायापेक्षा सावकाश सुधारतो. चालणे थोड्या ताकदीवरही जमून जाते, बटण लावण्यासाठी मात्र प्रत्येक बोटाला वेगळा हुकूम लागतो. हाताचा अंदाज बराच लवकर बांधता येतो: नेदरलँड्समधील २०१० सालच्या एका अभ्यासात, झटक्यानंतर दुसऱ्याच दिवशी ज्यांना बोटे थोडी उघडता येत होती आणि दंड शरीरापासून थोडा दूर नेता येत होता, त्यांच्यापैकी ९८ टक्के जणांच्या हाताला सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत आले होते, ज्यांना या दोन्ही गोष्टी जमत नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के होते. दुसऱ्या गटातील चौघांपैकी एकाचा हात काही प्रमाणात परत आला, हेही तितक्याच स्पष्टपणे वाचावे.

रुग्णाच्या हातात रबरी चेंडू देऊन तो दाबायला सांगणे ही सार्वत्रिक सवय आहे. ती मला पटत नाही. मूठ मिटणारे स्नायू पक्षाघातानंतर बहुधा आधीच जोर धरत असतात; अवघड जाते ते मूठ उघडणे. हातातला चेंडू दाबण्यापेक्षा तो सोडण्याचा सराव करावा.

एका साध्या पेल्याचे उदाहरण घेऊ. रुग्ण टेबलाशी बसला आहे, पाठ खुर्चीला टेकलेली आहे आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टेबलावर आहे. रिकामा प्लॅस्टिकचा पेला एक वीत अंतरावर ठेवला आहे. तो घ्यायला सांगताच पाहावे: खांदा कानाकडे उचलला जातो, धड पुढे झुकते, कोपर वाकते आणि बोटे पेल्यापर्यंत पोहोचण्याआधीच मिटतात. हुकूम एकाच स्नायूला न जाता गठ्ठ्याने जातो, त्याचे हे चित्र आहे. आता काम सोपे करावे. हाताखाली गुळगुळीत कापड ठेवून हात फक्त पुढे सरकवायला सांगावे, खांदा खाली आणि पाठ खुर्चीलाच. ते वीसदा जमल्यावर पेला हाताच्या अगदी जवळ ठेवून केवळ मनगट वर उचलून बोटे उघडायला सांगावे. गरज पडल्यास मदतनीसाने मनगटाला खालून आधार द्यावा. मग पकडणे, मग सोडणे, मग पेला बोटभर उचलून पुढे ठेवणे. शेवटी त्यात अर्धा पेला पाणी. प्रत्येक टप्प्यावर काम इतकेच अवघड असावे, की दहापैकी सात-आठ वेळा जमेल आणि दोन-तीनदा चुकेल. सगळे जमत असेल तर शिकणे थांबते, काहीच जमत नसेल तर माणूस थांबतो.

बोटे आणि मनगट थोडे तरी उघडता येत असेल, तर चांगल्या हातावर मोजा चढवून दिवसाचा बराच काळ त्याला काम करू न देण्याची आणि रोज काही तास बाधित हाताकडून सराव करून घेण्याची पद्धत आहे. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर ती दोन आठवडे वापरून पाहिली गेली, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. ती देखरेखीखालीच करावी. मोजा घातलेला हात तोल सावरायला येत नाही, म्हणून चालताना आणि न्हाणीघरात तो काढावा लागतो.

हात अजिबात हलत नसेल, तर आरसा मदतीला येतो. दोन्ही हातांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न करायचा. बाधित हात आरशामागे असतो आणि डोळ्यांना तोच हलल्यासारखा दिसतो. ही युक्ती मेंदूशास्त्रज्ञ वि. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात, कापलेल्या हाताच्या जागी वेदना जाणवणाऱ्या रुग्णांसाठी वापरली होती. पुढे ती पक्षाघातासाठी घेण्यात आली.

ताठरपणा

काही आठवड्यांत लुळा हात कोपरात वाकून छातीशी येऊ लागतो, मूठ आवळली जाते आणि पायाची टाच वर उचलली जाते. ताकद आली म्हणून घरचे आनंदतात, पण हा ताठरपणा असतो. त्याला झटके देऊन सरळ करू नये. सावकाश ताणून धरल्यास तो सैल होतो, जोरात ओढल्यास आणखी घट्ट होतो. तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठता, टोचणारे नख किंवा एखादी जखम यांनीही ताठरपणा अचानक वाढतो, म्हणून आधी ती कारणे शोधावीत. तळहात धुता येणार नाही इतकी मूठ आवळली जात असेल, तर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमची इंजेक्शने देता येतात. त्यांचा परिणाम साधारण तीन ते चार महिने राहतो, आणि त्या मुदतीत सराव वाढवला तरच ती सार्थकी लागतात.

दिवसाची आखणी आणि थांबण्याच्या खुणा

सलग दोन तासांपेक्षा वीस-वीस मिनिटांचे पाच-सहा तुकडे बरे, कारण पक्षाघातानंतरचा थकवा हा आळस नसून आजाराचाच भाग असतो. अवघड काम सकाळी ठेवावे. दात घासणे, कपडे घालणे, खुर्चीतून टेबलापर्यंत जाणे ही कामे सरावातच धरावीत, आणि रुग्णाला जे दोन मिनिटांत जमते ते आपण दहा सेकंदांत करून टाकू नये. ही शिस्त पाळणे रुग्णापेक्षा नातेवाइकांनाच जड जाते.

प्रकृती स्थिरावल्यावर आणि डॉक्टरांच्या संमतीने, दम वाढवणारा व्यायाम आठवड्यातून तीन ते पाच दिवस २० ते ६० मिनिटे करावा. सुरुवात दहा मिनिटांच्या तुकड्यांनीही होते. नाडीची गती कमी ठेवणारी औषधे चालू असल्यास नाडी मोजून अंदाज येत नाही, तेव्हा बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागावा, ही खूण धरावी.

छातीत दुखणे, गरगरणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर सराव तेथेच थांबवावा. चेहरा नव्याने वाकडा होणे, बोलणे अडखळणे, दुसरा हात किंवा पाय गळणे हा नवा झटका असू शकतो. झोपवून वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते तास रुग्ण शेवटचा ठीक दिसला त्या क्षणापासून मोजतात, म्हणून ती वेळ लक्षात ठेवावी.

जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांना पक्षाघातानंतर नैराश्य येते. सराव नको म्हणणारा, जेवण टाळणारा, भिंतीकडे तोंड करून झोपणारा माणूस हट्टी आहे असे ठरवण्याआधी डॉक्टरांशी त्याविषयी बोलावे. त्यावर उपचार आहेत.

घरी आल्यानंतरचे महिने

पडण्याची भीती खरी आहे आणि पडणेही घडते. सैल चटया उचलाव्यात, न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला भक्कम दांड्या बसवाव्यात, रात्री दिवा ठेवावा, सपाता टाळून मागून बंद असलेली पादत्राणे घालावीत. जमिनीवरून उठण्याचा सराव फिजिओथेरपिस्टसमोर आधीच करून ठेवावा: चांगल्या कुशीवर वळणे, कोपरावर उठणे, गुडघ्यांवर येणे, समोर खुर्ची घेऊन चांगले पाऊल पुढे टेकणे आणि त्या पायावर उठणे. पडल्यावर मात्र लगेच ओढून उठवू नये. वेदना, डोक्याला मार आणि हातापायांची स्थिती आधी पाहावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस ठीक दिसत असला तरी रुग्णालयात न्यावे.

सहा महिन्यांनंतर आता जे आहे तेच राहणार, असे कोणी सांगितले तर त्याचा अर्थ वेग मंदावला इतकाच घ्यावा. या टप्प्यावर रोजच्या सत्रांची गरज नसते, पण दर काही महिन्यांनी नव्याने तपासणी करून सराव अवघड करत न्यावा लागतो. कमावलेली क्षमता वापर थांबल्यावर घसरतेही, आणि ती घसरण इतकी सावकाश असते की सोबत राहणाऱ्यांच्या नजरेस येत नाही. १० मीटर चालायला लागणारे सेकंद सलग दोन नोंदींत वाढलेले दिसले, किंवा खुर्चीतून उठताना हात पुन्हा हत्त्याकडे जाऊ लागला, तर फिजिओथेरपिस्टकडे परत जावे आणि जाताना ती वही बरोबर न्यावी.